घरात वर केलेले हात

कायदा काही झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत आशेवर बसायचा आणि मग मला शिव्या द्यायचा. आमच्या गावानं, म्हणजे चिखलीच्या बाजारात कापूस नेणाऱ्या एका साध्या गावानं, विधानसभेला एक कायदा करायला सांगितला होता. केबलच्या प्रत्येक जोडणीवर सरकार करमणूक कर घ्यायचं, त्यातला काही वाटा गावोगावच्या स्वतःच्या चॅनलला द्यावा, एवढंच मागणं. विधानसभेनं ऐकलं नाही. विधानसभेचं काय घेऊन बसलात, माझा नवरा माझं एका दमात कधी ऐकत नाही. पण तो ठराव गावात पास कसा झाला, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

गावात केबल आणली ती एका भाईंनी. त्यांचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. हिंदूंची लग्नं, मुसलमानांचे निकाह, सगळे त्यांच्याच कॅमेऱ्यातून जायचे. घराच्या माडीवर त्यांची कंट्रोल रूम होती. तिथून वायरी निघून कडुनिंबाच्या फांद्यांवरून, देवळाच्या कळसाखालून आणि मशिदीच्या भिंतीवरून घरोघर गेल्या होत्या. त्यांच्या केबलवर एक नंबर रिकामा असायचा. तो लावला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. भाईंनी त्या मुंग्यांच्या जागी गावच्या सूचना द्यायला सुरुवात केली. उद्या पोलिओचा डोस आहे, परवा नळ येणार नाही, अमक्याची बकरी सापडली आहे, गळ्यात लाल दोरी आहे.

मी तेव्हा शिवणकाम करायची. भाईंच्या बायकोचे कपडे माझ्याकडे शिवायला यायचे. एकदा माप देता देता भाभी म्हणाल्या, "तुमचं तोंड तसंही बंद राहत नाही. आमच्या यांच्या टीव्हीवर येऊन बोला, निदान त्याचा उपयोग तरी होईल." राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी मी गेले.

स्टुडिओ म्हणजे भाभींची मागची खोली. एका बाजूला दोरीवर शेवया वाळत घातलेल्या, दुसऱ्या बाजूला लग्नाचा लाल मखमली पडदा, आणि त्या पडद्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर डोक्यावर पदर घेतलेली मी. दिवेलागणीला मी कापसाचे भाव वाचायची, सूचना वाचायची आणि कोण वारलं ते सांगायची. मधेच भाईंची बकरी ओरडली तर थांबायची. लोक म्हणायचे, बकरी ओरडली म्हणजे खरंच लाइव्ह आहे.

नवऱ्याची तऱ्हा सांगते. तोच मजकूर मी घरात सांगितला की ते म्हणायचे, "तुले काय समजते?" आणि संध्याकाळी तोच टीव्हीवर सांगितला की दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचे, "ऐकलं का, टीव्हीवर सांगून राह्यले होते..." बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात एक छोटी पुडी यायची, साध्या कापसाच्या बियांची. ती शेताच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळी तिकडं जाते. गावात कोणी ती लावत नसे. पुडी उकिरड्यावर जायची. मी घरात सांगून थकले. टीव्हीवर एकदा सांगितलं, तर आमच्या हिरोनं कडेनं तास धरून लावली आणि वर मलाच समजावलं की ही कशासाठी असते. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ते वर्ष आलं. त्या साली अर्ध्या गावानं एकच वाण लावलं होतं. पाकिटावर मिशीवाल्या शेतकऱ्याचं चित्र, खांद्याएवढा कापूस आणि तोंडभर हसू. झाडं वाढली चांगली, बोंडंही धरली, पण फुटेनात. फुटली ती नुसती कवडी, आत पिवळं, चिकट, वेचायलाही नको वाटावं असं. आणि आमच्याकडची रीत अशी की पीक गेलं तर माणूस बोलत नाही. दुसऱ्यानं विचारलं तर "ठीक हाय" म्हणतो आणि मागच्या पांदीनं शेतात जातो. कापूस भरताना बरा कापूस वर आणि कवडी खाली. प्रत्येकाला वाटायचं आपल्याच हाताला यश नाही, आपलंच काहीतरी चुकलं. त्या दिवसांत पेपर उघडायला भीती वाटायची. आमच्या आळीत माणसं एकमेकांकडे पाहायचंही टाळत होती.

आमच्या घरीही तेच. नवरा मला शेतात येऊ देईना. "घरचं काम पाह्य" म्हणायचे. शेवटी मी एक दिवस न सांगता गेले आणि पाहिलं. माझं डोकं फिरलं. पिकाचं दुःख होतंच, पण जास्त राग आला तो लपवण्याचा. मी एक फांदी मोडली, पदराखाली घातली आणि संध्याकाळी सरळ कॅमेऱ्यापुढे धरली. म्हटलं, "हे आमच्या घरचं आहे. पाकिटावर मिशीवाला होता. तुमच्याकडे कसं आहे ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे हे असं आहे." बोंड हातानं फोडून दाखवलं.

घरी नवरा जेवायला बसले होते. ताट तसंच ठेवून निघाले, मला सगळ्यांसमोर फाडून खायला. भाईंच्या दारात पोचले तर तिथं चार माणसं आधीच उभी, प्रत्येकाच्या हातात कपाशीची फांदी. नवरा थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. हातात फांदी नव्हती, म्हणून नुसतेच उभे राहिले.

त्या दिवसापासून कार्यक्रमाचं नाव पडलं 'बोंड दाखवा'. माणसं यायची, कॅमेऱ्यापुढे बोंड फोडायची, पाकिटावर कोणतं चित्र होतं ते सांगायची आणि जायची. भाईंचं मशीन लग्नाचं असल्यामुळे त्यात जी चौकट होती ती लग्नाचीच. बदामाच्या आकारात सडकं बोंड, वरच्या कोपऱ्यात गुलाब आणि खाली चमकणारी अक्षरं, 'शुभविवाह'. भाई मला म्हणाले, "भाभी, ये निकलता नही, मशीन में ही बैठेला है." लोक पोट धरधरून हसायचे. मी पुढं कितीदा विचार केला, की गाव त्या साली हसलं ते त्या बदामाच्या चौकटीमुळे, का दुसऱ्याचंही बोंड सडलंय हे पाहून जीव हलका झाला म्हणून. मला वाटतं दोन्ही. माणसं पुन्हा पारावर बसायला लागली. काही जण तर भांडायलाही लागले, आणि भांडण सुरू झालं की आमचं गाव बरं आहे असं समजायचं.

आता गावात कृषी केंद्रवाले शेठ होते. माणूस गोड. बोलताना पाठीवर हात ठेवणार, चहा पाजणार. बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं त्यांच्याकडे आणि सगळं उधारीवर. त्यांनी कोणाला वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते भाईंकडे आले. म्हणाले, "भाई, तुमचा कॅमेरा जुना झाला. विजेनं मशीन जळते, तुम्ही पदरचा खर्च करता. हे चॅनल माझ्याकडे द्या. नवा कॅमेरा, माइक, सगळं माझ्याकडून. ताईलाही काही देऊ. फक्त ते बोंडाचं काय आहे ना, ते दिवेलागणीला अपशकुनी वाटते. त्याच्या जागी भजन लावा."

भाईंनी मला बोलावून सांगितलं. ते रडकुंडीला आले होते. कॅमेरा खरंच मरणाला टेकला होता, आणि लग्नाच्या सीझनमधलं त्यांचं सगळं उत्पन्न या चॅनलच्या वायरींत जात होतं. "पोळ्यापर्यंत जवाब मांगा है," ते म्हणाले. "नही बोलूंगा तो पैसा कहां से लाऊं? मैं हर महिने तहसील में करमणूक कर भरता. वो सरकार के पास जाता, फिर उसका क्या होता, अल्ला जाने. उस में से थोडा गाव को नही देना?"

तिथं ठिणगी पडली. मी म्हटलं, मागू या. भाई म्हणाले, कोणाले? मी म्हटलं, सरकारले. आम्ही दोघं आमच्या आमदारांकडे बुलढाण्याला गेलो. एसटीनं जाताना भाईंनी कॅमेरा पिशवीत घेतला होता, का ते त्यांनाच माहीत. आमदार चांगले बोलले. म्हणाले, तुमचं एकट्यादुकट्याचं कोण ऐकेल, गावाचा ठराव आणा. ग्रामसभेनं म्हणावं की असा कायदा करा, मग मी सभागृहात उभा राहीन. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं मंत्री झाल्यासारखे बसलो होतो. देऊळघाट आलं तेव्हा भाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून कोणालातरी टाटा केला, ओळख नव्हती तरी.

ग्रामसभा पंधरा ऑगस्टची, झेंडावंदनानंतर. भाई म्हणाले, एवढी मोठी गोष्ट आहे, लाइव्ह दाखवू. पंचायतीच्या खोलीपासून कंट्रोल रूमपर्यंत त्यांनी वायर ओढली, त्यासाठी स्वतः झाडावर चढले. आम्ही रोज सांगायचो, आपली ग्रामसभा आपल्या टीव्हीवर, घरबसल्या पाहा. घरबसल्या हा शब्द मी किती लाडानं म्हणायची ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

झेंडा झाला. लोकांनी जिलेबीचे पुडे घेतले आणि घरी गेले. ग्रामसभेला उरलं कोण? सरपंच, ग्रामसेवक, चार सदस्य, पाराशेजारी राहणारे दोन म्हातारे, मी, माझा नवरा आणि कॅमेऱ्यामागे भाई. एक कुत्रंही होतं, ते जिलेबीच्या वासानं आलं होतं. ग्रामसेवक रीतीचा माणूस. त्यानं बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं, कुत्र्यापाशी थांबला आणि पुढं गेला.

सरपंचांना मात्र कॅमेरा दिसला की दुसरं काही दिसायचं नाही. त्यांनी फेटा सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे पाहून ठराव वाचला. मग खड्या आवाजात म्हणाले, "ज्याले हा ठराव मंजूर असंन त्यानं हात वर करावा." खोलीत पाच-सहा हात वर झाले. आणि तेवढ्यात बाहेरून, आळीआळीतून, घराघरातून आरोळी आली, "मंजूर".

गावानं घरात बसून हात वर केले होते. ते सगळं मला मागून कळलं. माझ्या जाऊबाईंनी पोळी लाटता लाटता पिठाचा हात वर केला होता. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस हात वर करायला गेला आणि वस्तरा लागून कान कापता कापता वाचला. एका म्हातारीनं दोन्ही हात वर केले, म्हणे एक माझा आणि एक शेतात गेलेल्या लेकाचा. एका घरात नवऱ्यानं बायकोला दटावलं, "हात वर कर, सरपंच पाहून राह्यले."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. "गणपूर्ती नाही," म्हणाला. "सभा तहकूब."

दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढे ही गर्दी. जो तो ग्रामसेवकाला धरायचा. "काऊन तहकूब केली? आमी हात वर केला ना." ग्रामसेवक म्हणाला, घरातले हात धरता येत नाहीत. एकजण तर इतका तापला की कॉलर धरायची बाकी राहिली. "असा कसा धरता येत नाई? माया हात तुमाले दिसला नाई का? मले तर तुमी सगळे दिसत होते." ग्रामसेवक वही काखेत मारून आत गेला. मी त्या तापलेल्या माणसाचं म्हणणं मनातल्या मनात उलटून पालटून पाहिलं, तर मला ते क्षणभर बरोबरच वाटलं.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा नियम आहे. म्हणजे पुढच्या वेळी पाच माणसांवरही ठराव झाला असता. पण पाच माणसांचा ठराव आमदारांपुढे कोणत्या तोंडानं ठेवायचा? शिवाय पोळा जवळ आला होता. शेठ रोज भाईंच्या दारावरून जाताना विचारायचे, "मग, काय ठरलं?" अगदी गोड आवाजात विचारायचे.

सभा रविवारी दुपारी ठेवली होती. रविवारी दुपारी टीव्हीवर पिच्चर लागायचा आणि गाव त्यापुढून हलत नसे. भाई मला म्हणाले, "भाभी, तुम घबराव मत. मैं इंतजाम करता." इंतजाम काय केला? पिच्चरमधली मारामारी रंगात आली तेव्हा त्यांनी सगळ्या केबलचा फ्यूज काढला, खिशात घातला आणि कंट्रोल रूमला कुलूप लावलं. दारावर खडूनं लिहिलं, 'मालक ग्रामसभेत आहे.'

दहा-पंधरा मिनिटांत गाव आलं. येताना आरडाओरडा करतच आलं. बाया, माणसं, म्हातारे, कडेवर पोरं. ठरावासाठी नाही, भाईंना झोडपायला. पंचायतीची खोली भरली, ओटा भरला, खिडकीत माणसं चढली. "केबल चालू कर आधी" असा एकच गलका. भाई सरपंचाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. सरपंचांनी सांगितलं, आधी विषय, मग केबल. ग्रामसेवक इतकी माणसं पाहून खूश होता, बिचाऱ्याला गरज नसताना गणपूर्ती मिळाली होती.

तेवढ्यात शेठ उठले. हात जोडले. म्हणाले, "गावकऱ्यांनो, सरकार कधी कायदा करणार, कधी पैसा देणार? तोवर आपल्या भाईचा कॅमेरा काय टिकते? मी देतो ना. फुकट. गावाले एक रुपया खर्च नाही. ठराव कायले पाह्यजे?"

खोलीत कुजबुज झाली आणि ती शेठच्या बाजूची होती. फुकट ते पौष्टिक, हे आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. आता उठून बोलायला पाहिजे होतं आणि मी उठू शकत नव्हते.

कारण समोरच्या खुर्चीवर माझे भासरे बसले होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर येत नाही, आली तर पदर ओढून बाजूनं जाते, आणि त्यांच्याशी बोलणं तर सोडाच. लग्न होऊन आल्यापासून माझ्या तोंडून त्यांच्यासाठी एक शब्द गेला नव्हता आणि त्यांच्या तोंडून माझ्यासाठी नाही. काही निरोप असला तर जाऊबाईंमार्फत, "धाकट्याच्या घरी सांगा" म्हणून. टीव्हीवर बोलणं वेगळं, तिथं समोर काच असते आणि कॅमेऱ्याला कोणी भासरा नसतो. इथं ते हाताच्या अंतरावर, काठी गुडघ्यांत धरून बसले होते.

मी अर्धी उठले आणि तशीच राहिले. भासऱ्यांनी ते पाहिलं. ते उभे राहिले. मला वाटलं, चालले घरी, आता काय, मेलेच मी. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून माझ्याकडे पाठ करून बसले. भिंतीला म्हणाले, "जिले बोलायचं असंन ती बोलंन आता."

मग मी बोलले. म्हटलं, शेठ चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्या दुकानातलं बी, त्याच्याच कॅमेऱ्यापुढं मी त्या बियाचं बोंड फोडू कशी? आणि मी फोडलं नाही तर परत मागच्या पांदीनं जायचं का तुम्हाला? परत कापूस वर आणि कवडी खाली? भजन आपण देवळात ऐकतो, तिथं कोणाची मनाई नाही. बोंड दाखवायला गावात दुसरी जागा कोणती आहे ते सांगा, मी आत्ता खाली बसते.

आधी बोलला तो माझा नवरा. आपल्या माणसाला बरोबर वेळ कळते. उठून म्हणाले, "अवं, पण सरकारचा पैसा घेतला तर सरकारचं तोंड धरावं लागंन. मंग नळाले पानी आलं नाई हे तू कसं सांगशीन?" लोक हसले. मी चिडले, पण प्रश्न खोटा नव्हता. घरात विचारला असता तर मी दोन शिव्या दिल्या असत्या. म्हटलं, "म्हणून तर कायदा मागतो, उपकार नाही. सायेबानं खुशीनं दिलं तर सायेबाचं तोंड धरावं लागते. कायद्यानं आलं तर ते आपलंच. कर आपण भरतो, भाई तहसीलात नेऊन देतात. आपलाच पैसा आपल्याच घरी परत येईल, त्याची कोणाची चाकरी?" नवऱ्यानं थोडा विचार केला आणि मान डोलावली. टीव्ही नसताना माझं ऐकल्याची ती पहिली वेळ.

सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. काय सांगू, खोलीत हातच हात. खिडकीतल्यांनी गज सोडून हात वर केले. भाईंनी फ्यूज धरलेला हात वर केला.

ग्रामसेवक म्हणाला, "ठीक. आता ठरावाला सूचक आणि अनुमोदक. नावं सांगा, लिहून घेतो."

आणि सगळे हात खाली आले. हळूहळू आले, कोणी कान खाजवला, कोणी टोपी सारखी केली. हात कोणाचा ते लिहिलं जात नाही, नाव लिहिलं जातं. शेठ तिथंच बसले होते, हसत, कोणाकडेही न पाहता. कपाशीला खताचा दुसरा हप्ता द्यायचा होता आणि तो सगळ्यांचा त्यांच्याच दुकानातून उधारीवर यायचा होता. मला लोकांचा राग आला नाही. खरं सांगते, मलाही आमच्या शेताची आठवण झाली.

"सूचक मी," मी म्हटलं.

"अनुमोदक?" ग्रामसेवकानं विचारलं. मग माझा नवरा उठला. शेठकडे बघणं टाळत, पण उठला. ग्रामसेवक म्हणाला, नवरा-बायको चालत नाहीत, एकाच घरचे नको. असा नियम खरंच आहे का ते मला आजही माहीत नाही. नवरा खाली बसले. अनुमोदक नाही तर ठराव नाही, आणि पोळ्याला चॅनल शेठच्या हाती.

"अनुमोदक म्हनून मायं नाव लिव्हा." भिंतीकडून आवाज आला.

ग्रामसेवक म्हणाला, "अहो दादा, तुम्हीही त्याच घरचे."

"चूल वेगळी हाय," भासरे म्हणाले.

त्याची किंमत त्यांनी पुढच्या पेरणीला दिली. शेठनं गोड बोलूनच उधारी बंद केली, आणि ते चिखलीहून एसटीनं बियाण्याची पाकिटं घेऊन आले. आम्हाला कोणाला काही बोलले नाहीत. भाईंनी शेठला नाही म्हटलं आणि 'बोंड दाखवा' त्याच जुन्या कॅमेऱ्यावर, पदरच्या खर्चानं चालू राहिलं, घरोघरी सेट-टॉप बॉक्सचे डबे येऊन केबलवरचा आमचा नंबर गेला तोवर. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी ग्रामसेवक वाकून लिहीत होता. त्यानं भासऱ्यांचं नाव लिहिलं, मग वर पाहिलं आणि मला विचारलं, "सूचकाचं पूर्ण नाव काय लिहू?" तो मला टीव्हीवाल्या वहिनी म्हणायचा. सगळं गाव तेच म्हणायचं. मी तोंड उघडलं, तर इतका वेळ बोललेली मी, भासऱ्यांदेखत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं म्हणून अडले.

भासऱ्यांनी नाव सांगितलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक शब्द सुटा करून, भिंतीकडे पाहत. त्या घरात माझं नाव कोणी घेत नव्हतं, नवराही नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पदरानं लपवली नाही.

"बरोबर आहे ना हे?" ग्रामसेवकानं त्यांना विचारलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "लग्नाआधी तिले पाह्यले मीच गेलो होतो. तवा मी तिचं नाव इचारलं, अन् तिनं हेच सांगतलं."